नववी पट्टी

दार उघडलं तर समोर एक माणूस उभा होता, आणि त्याचे डोळे जवळजवळ मिटलेले होते.

चुरगळलेला सदरा, गालावर उशीची घडी उमटलेली, आणि केसांत... पीठ? हो, पीठच.

“ते मशीन—” तो म्हणाला आणि मध्येच त्याला भलीमोठी जांभई आली. “माफ करा. ते मशीन माझ्या बरोबर डोक्यावर आहे.”

“कसलं मशीन?” तिने विचारलं. हातात कात्री, गळ्यात मोजायची टेप, बाहीला लोंबणारा लाल दोरा. मुद्देमालासकट पकडली गेली होती बिचारी.

“तेच ते, ट्रकसारखं चालणारं. मी खाली राहायला आलोय. बेकरीत काम करतो. रात्रभर भट्टीपाशी असतो, म्हणून दुपारपासून संध्याकाळी उशिरापर्यंत झोपतो. म्हणजे... झोपायचो.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. “हे बघा, मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात असते. घरी आल्यावर जेमतेम दोन तास मिळतात. आणि ही गोधडी मला पुरी करायचीच आहे.”

“करा की. नाही कोण म्हणतंय?” तो आत डोकावला. “टेबल तेवढं त्या भिंतीला लावता येईल का? तिथे खाली माझा ओटा आहे. ओट्याला झोप लागत नाही.”

टेबल हलवायला दोघंही लागले. मशीन जड होतं. काकूंकडून उसनं आणलेलं, जुन्या काळचं, लोखंडी. टेबल भिंतीला लागल्यावर त्याने जमिनीवर पसरलेलं ते लांबलचक कापड पाहिलं आणि त्याचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले.

“हे... केळं आहे का?”

“गोधडी आहे!”

“नाही, पण वाकलंय केळ्यासारखं.”

वाकलं होतं खरं. तिने चार-चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापल्या होत्या आणि एकीला एक, एकीला एक अशा उभ्या जोडत नेल्या होत्या. तिने वाचलं होतं की सुटे चौकोन जोडत बसण्यापेक्षा ही युक्ती सोपी. आधी पट्ट्या जोडून रुंद पट्टा करायचा, मग तो पट्टा आडवा कापायचा. एका फटक्यात चौकोनांची अख्खी रांग तयार! सोपं म्हणे. तिचा पट्टा चांगला कमरेत वाकून पडला होता.

“सरळ होईल,” ती म्हणाली.

“कसा?”

“ते अजून माहीत नाही. पण होईल.”

तो गेला. खोलीत मागे ताज्या पावाचा वास रेंगाळत राहिला... आणि तिला उगाचच भूक लागली.

*

या गोधडीमागे एक गोष्ट होती. तिची ताई आणि भावोजी चार वर्षांच्या एका मुलीला दत्तक घेत होते. कागदपत्रं झाली होती, दोनेक महिन्यांत मुलगी घरी येणार होती. कुणी तिच्यासाठी खेळणी घेतली, कुणी पलंग. आणि ही सगळ्यांसमोर बोलून बसली, “मी गोधडी करणार. घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याची. तिला आपल्यातलं कुणीच ओळखीचं नाही. निदान झोपताना तरी सगळे जवळ असावेत.”

भावोजी हसले. ते तिला आरंभशूर म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पोहायचा वर्ग, गिटार, एकाच बाहीचा स्वेटर... तिच्या कपाटात अर्धवट कामांचा नुसता ढीग होता. त्या हसण्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. लागलं ते ताईचं बोलणं. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, “नाही झाली तरी चालेल गं.”

त्या क्षणी तिने ठरवलं. आभाळ कोसळलं तरी ही गोधडी पुरी करायची. तिने आयुष्यात कधी बटणसुद्धा लावलं नव्हतं, पण म्हणून काय झालं?

बेकरीवाला गेला त्या संध्याकाळी तिने अख्खं केळं उसवलं. टाके एकेक करून उचकटले, पट्ट्या इस्त्री करून सरळ केल्या आणि विचार करत बसली. प्रत्येक पट्टी ती एकाच टोकाकडून शिवत होती. कापड दरवेळी थोडं थोडं एकाच बाजूला ओढलं जाणार नाही तर काय होणार? मग तिने एक पट्टी वरून खाली शिवली आणि पुढची खालून वर. पट्टा जमिनीवर पसरला. फूटपट्टीसारखा सरळ!

आनंद कुणाला सांगावा? आई शेजारी गेली होती. ती सरळ जिना उतरली आणि खालचं दार वाजवलं.

“सरळ झाला!”

तो दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस. “काय सरळ झालं?”

“केळं!”

तो फेसासकट वर आला. पट्ट्याच्या एका टोकाशी गुडघे टेकून बसला आणि एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरावा तशी त्याची कड बघितली. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “मान गये... तुम्ही हट्टी आहात.”

“हे कौतुक आहे की तक्रार?”

“अजून ठरलं नाही,” तो हसला, आणि फेसाचा एक थेंब बाबांच्या सदऱ्याच्या पट्टीवर पडला.

*

मग हे रोजचंच झालं. ती कामावरून आली की वर मशीन सुरू व्हायचं. तो उठला की पावाची पिशवी घेऊन वर यायचा, आणि आई म्हणायची, “आला बाई इस्त्रीवाला.” शिवण शिवली की ती नीट एका बाजूला दाबून बसवावी लागते, नाहीतर पुढचा जोड फुगतो. ते काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. ती शिवायची, तो इस्त्री फिरवायचा. मशीन थांबलं की बोलणं, बोलणं थांबलं की मशीन.

एकदा तो तिच्या दुकानातच आला.

“चष्मा हवाय.”

“तुम्हाला? सुईत दोरा तर तुम्ही पहिल्या फटक्यात ओवता.”

“भट्टीवरचे आकडे पुसट दिसतात.”

“बसा.” तिने छोटी पट्टी घेतली. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं म्हणजे समोर बसून, अगदी जवळून बघावं लागतं. हे ती दिवसातून वीस वेळा करायची. “माझ्या डोळ्यांत बघा. हलू नका.”

“हलत नाही.” थोडा वेळ गेला. “किती वेळ बघायचं?”

“मोजून होईपर्यंत.”

“झालं?”

“नाही.”

झालं होतं. केव्हाच झालं होतं. पण त्याच्या पापण्यांवरही पिठाचा बारीक थर होता आणि तो श्वास रोखून बसला होता... तिने पट्टी खाली ठेवली तेव्हा आकडा विसरली आणि तिला पुन्हा मोजावं लागलं. त्याने मुळीच तक्रार केली नाही. तपासणीत नंबर निघाला शून्य.

*

आणि सगळं असं सुरळीत चाललेलं असताना माशी शिंकली.

त्या आठवड्यात दुकानात मालमोजणी होती, घरी यायला रोज उशीर होत होता. मुलगी येण्याची तारीख जवळ येत चालली होती आणि असे चार पट्टे करायचे होते, त्यातला चौथा अजून शिवायचा होता. एका संध्याकाळी ती दमून घरी आली, तर टेबलावर तो चौथा पट्टा घडी घालून ठेवलेला. पुरा शिवलेला. तिच्या शिवणीपेक्षा सरळ.

आई कौतुकाने सांगत होती, “त्याने आज झोप काढलीच नाही. म्हणाला, तिच्या मागचं ओझं तेवढंच हलकं होईल. हात चांगला आहे हो पोराचा.”

तो दारात उभा होता. झोपेने डोळे लाल, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. उसवायचा काटा घेतला, खुर्चीत बसली आणि पहिला टाका कापला. मग दुसरा.

“काय करताय?” त्याचं हसू विरलं. “चुकलं का कुठे?”

“काही चुकलेलं नाही. उत्तम शिवलंय.”

“मग?”

“मग मी नाही शिवलेलं!” तिचा आवाज चढला. “तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? विचारायचंस तरी!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आईने हळूच स्वयंपाकघर गाठलं.

“मला वाटलं मदत होईल,” तो म्हणाला.

“सगळे मला मदतच करतात. गिटारच्या सरांनी शेवटचं गाणं माझ्याऐवजी वाजवून दाखवलं. तो स्वेटर काकू म्हणाल्या आण इकडे, मी करते. सगळ्यांना माहीत असतं मी अर्ध्यात सोडणार, म्हणून आधीच हात पुढे करतात. आणि मीही देऊन टाकते! या वेळी नाही द्यायचं मला. वाकडी झाली तरी चालेल. तोंडघशी पडले तरी चालेल.” तिचे डोळे भरून आले होते, पण काटा थांबला नव्हता.

त्याने जमिनीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे उचलले. मग म्हणाला, “मला नव्हतं वाटलं तू सोडशील. एकदाही नाही.”

आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. पाव मात्र दाराच्या कडीला लटकलेला असायचा. तिने चौथा पट्टा पुन्हा शिवला. एकटीने, वरून खाली, खालून वर. इस्त्रीही एकटीनेच केली आणि बोट भाजून घेतलं. चारही पट्टे जमिनीवर शेजारी शेजारी पसरले, तेव्हा प्रत्येक पट्ट्यात आठच्या आठ पट्ट्या जागच्या जागी होत्या. आई, बाबा, ताई, भावोजी, काका, काकू, ताईच्या सासूबाई आणि ती स्वतः. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांचा सदरा आईने अजून जपून ठेवला होता.

आता फक्त आडवं कापायचं. तिने कात्री हातात घेतली... आणि ठेवली. पट्ट्यांच्या कडेकडे बघत राहिली. मग उठली, केस नीट केले, पुन्हा विस्कटले, आणि खाली गेली.

दार उघडलं. तो जागाच होता.

“एक सदरा हवाय,” ती म्हणाली. “तुझा. गोधडी रुंदीला कमी पडतेय.”

“कमी नाही पडत. मी मोजली होती.”

“मी म्हणते पडते.”

“पण ती तर...” तो अडखळला. “तूच म्हणाली होतीस, त्यात फक्त घरच्यांचे कपडे आहेत.”

“हो,” ती म्हणाली. “तसं ठरलंय खरं.”

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला, आत गेला आणि दोन सदरे घेऊन आला.

“हा जुना आहे. आणि हा निळ्या चौकटींचा... माझा आवडता. कोणता देऊ?”

“आवडता.”

“कापणार?”

“चार पट्ट्या.”

“मग एक विचारू?” त्याने सदरा पुढे केला, पण सोडला नाही. दोघांच्या हातांमध्ये तो ताणला गेला. “परत उसवणार नाहीस ना?”

“वाकडं लागलं तर उसवीन,” ती म्हणाली. “आणि पुन्हा शिवीन. सोडणार मात्र नाही.”

तेव्हा कुठे त्याने सदरा सोडला.

*

नववी पट्टी लागली. मग तिने पट्टे आडवे कापले आणि रांगा एक सुलटी, एक उलटी अशा जोडल्या. आईचा चौकोन काकांच्या शेजारी, सासूबाई भावोजींच्या डोक्यावर, आणि निळ्या चौकटी कधी या कडेला, कधी त्या. आत मऊ थर, खाली अस्तर, आणि वरून तिघं मिळून धावदोरा घालत बसली. हो, तिघं: आई, ती आणि तो. या वेळी तिनेच हाक मारली होती. “पण टाके मी सांगेन तसे,” ती म्हणाली, आणि तो म्हणाला, “हो बाई.”

मुलगी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिघं गोधडी घेऊन ताईकडे गेली. ताईने दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. सारखी टेबलाखाली जाऊन बसते.” मग तिने गोधडी पाहिली. हातात घेतली, उलगडली, बाबांच्या सदऱ्यावर तिचा हात थांबला. “पुरी केलीस,” एवढंच म्हणाली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. भावोजींनी तर कानच पकडले.

मुलगी खरंच टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, डोळे मोठ्ठे. हिने गोधडी नुसती तिच्याजवळ सरकवून ठेवली. जरा वेळाने एक छोटा हात बाहेर आला आणि गोधडी आत ओढली गेली.

“मी येऊ का आत?” हिने विचारलं. उत्तर नाही. पण मुलगी थोडीशी सरकली. ही आत शिरली. मग बेकरीवालाही, लांब पाय कसेबसे दुमडून, डोकं दोनदा आपटून. मुलीने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि विचार करून गोधडीचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर टाकलं.

बाहेर भांड्यांचा आवाज होता, आई आणि सासूबाईंच्या गप्पा होत्या. टेबलाखाली तिघं दाटीवाटीने बसली होती. मग तो हलकेच म्हणाला, “हे बोलायला ही जागा बरोबर नाही, मला कळतंय... पाठही अवघडलीय. पण आत्ता नाही बोललो तर हिंमत होणार नाही. माझ्याशी लग्न करशील?”

तिने तोंड उघडलं. शब्दच फुटेना. दुकानात बोलून बोलून माणसांना दमवणारी ती—

“हो,” असं कुणीतरी म्हणालं.

दोघांनी चमकून मध्ये पाहिलं. मुलगी गोधडीतून नाकापर्यंत बाहेर आली होती आणि त्याच्याकडे, मग तिच्याकडे बघत होती. बाहेर एकदम शांतता पसरली. ताईच्या हातातला चमचा खाली पडला.

“हो?” त्याने मुलीला विचारलं.

“हो,” मुलगी ठामपणे म्हणाली.

मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, रडत होती, आणि गोधडीखाली तिच्या हाताने त्याचा हात घट्ट धरला होता.

“हिने सांगितलं ना,” ती म्हणाली. “आता मी वेगळं काय सांगू?”