प्वेब्लाहून कोण आलं

रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास प्वेब्ला शहरातल्या एका चौकात एका आईने आपल्या मेलेल्या मुलाला हाक मारली.

कोणीतरी आलं.

घडलं ते एवढंच. यात तिखटमीठ लावलेलं नाही. आई जिवंत आहे, सोबत गेलेली मुलगी जिवंत आहे, आणि तो चौक आजही तसाच वाहतो आहे. कोणाला हे खोटं वाटलं तर वाटू द्या. मुलीलाही ते खोटं ठरलेलं हवंच आहे.

मुलीचं नाव ग्रिसेल्दा. मेक्सिको सिटीत, इस्तापालापा भागात ती आईबरोबर राहते आणि घरीच शाळेचे गणवेश शिवते. तिचा धाकटा भाऊ एफ्रेन वायरमन होता. मार्चमध्ये तो कामासाठी प्वेब्लाला गेला आणि पारियान बाजारामागच्या चौकात रस्ता ओलांडताना मिनीबसखाली आला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मृतदेह राजधानीत आणला. पुरला. नऊ दिवस घरात जपमाळ झाली. सगळं रीतसर पार पडलं.

एक गोष्ट सोडून.

ती तेन्चाच्या लक्षात आली. तेन्चा म्हणजे एफ्रेनची मद्रिना. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातात धरून उभी राहिलेली. म्हणून आई तिला 'कोमाद्रे' म्हणायची. तोंडाने फटकळ, पण पोरावर जीव.

"काय गं ब्रिहिदा," एका दुपारी ती दारातूनच म्हणाली, "पोराला तिकडे भर रस्त्यात उभं करून तुम्ही दोघी इथे गरम गरम जेवताय?"

आईचा घास हातातच राहिला.

त्यांच्यात असं मानतात. माणूस घराबाहेर अचानक गेला, की देह घरी येतो, पण सावली पडल्या जागीच उभी राहते. घरच्या कोणीतरी जाऊन तिला उचलून आणावं लागतं. माणसाने अंगात घातलेला, न धुतलेला कपडा न्यायचा. त्या जागी जमिनीला लावायचा. नाव घेऊन तीनदा हाक मारायची. मग घरापर्यंत वाटभर बोलत यायचं, म्हणजे सावली चुकत नाही.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात प्वेब्लाला जायचं ठरू लागलं.

खरं तर प्वेब्ला बसने जेमतेम दोन तासांवर. पण आईने ते कधी पाहिलं नव्हतं. एफ्रेनच दरवर्षी म्हणायचा, "मालकीण, यंदा तुला प्वेब्ला दाखवतो. मोठं चर्च, टाइल्सची घरं, तिथला मोलेचा रस्सा खाऊ घालतो. पायात चांगले बूट घाल म्हणजे झालं." तो आईला कधी आई म्हणायचा नाही. लहानपणापासून मालकीणच.

आता ती पहिल्यांदा प्वेब्लाला जाणार होती, ती त्याला आणायला.

"येताना तिकिटं तीन काढा," तेन्चा म्हणाली. "फुकट बसून यायला तो काय मंत्री आहे?"

आई हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच.

बसस्टँडवर ग्रिसेल्दाने येण्याची तीन तिकिटं मागितली.

"तिसरा प्रवासी कुठे आहे?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"तिकडे आहे. त्याला घेऊन यायचंय," आईने सांगितलं. खिडकीतून तीन तिकिटं बाहेर आली.

चौकात गर्दी होती. फुगेवाला, कणसंवाली, सुट्टीला आलेली माणसं. कोपऱ्यावरच्या खांबाला एफ्रेनच्या मित्रांनी लावलेला लोखंडी क्रूस होता. ग्रिसेल्दा पिशवी सांभाळत खांबापाशी थांबली. आई एफ्रेनचा निळा शर्ट घेऊन फुटपाथच्या कडेला ओणवी झाली.

तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. आई काय बोलली ते ग्रिसेल्दाला ऐकू आलं नाही.

तिला दिसलं ते एवढंच... एफ्रेनच्या क्रुसाच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणखी एक क्रूस होता.

लहानसा. लाकडी. कधीकाळी पांढरा असावा. त्यावरचं नाव पार उडालं होतं.

परतीच्या बसमध्ये आईने मधल्या सीटवर शर्ट नीट पसरला. कॉलर पाठीला टेकवून, बाह्या दोन्ही बाजूंना. मग ती बोलत राहिली. "हा बघ टोलनाका आला. हा आता घाट लागेल, रिओ फ्रिओचा. तो बघ पोपो ज्वालामुखी, आज धूर सोडतोय." डोंगर अंधारत चालला होता, पण आईचा चेहरा उजळला होता.

घाटात ग्रिसेल्दाने सहज शर्टाकडे पाहिलं.

कॉलर खाली घसरली होती...

तिने ती वर करून ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं, तर पुन्हा खाली. सीटच्या निम्म्यावर. एफ्रेन तर दारातून जाताना मान वाकवणारा माणूस.

बस हलते, शर्ट घसरतो. तिने मनाची समजूत घातली.

घरी आईने त्याच्या पलंगापाशी मेणबत्ती लावली. पाण्याचा पेला ठेवला, शेजारी बशीत कोंचा. कोंचा म्हणजे वर साखरेची जाड खपली असलेला पाव.

सकाळी खपली नव्हती.

पाव तसाच होता. फक्त वरची साखर कुरतडलेली.

"बघ, खाल्लं त्याने!" आई रडायलाच लागली.

एफ्रेनला गोडाची शिसारी होती. तो कलिंगडावरसुद्धा तिखट टाकायचा.

मग पावलं ऐकू येऊ लागली.

भरदुपारी. शिलाई मशीन थांबलं, की लगेच. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत. अनवाणी... हलकी... पळत जाणारी.

ग्रिसेल्दा पुन्हा मशीन चालवायची. आवाज नको म्हणून. त्या आठवड्यात तिने विनाकारण कितीतरी चिंध्या शिवल्या.

शुक्रवारी संध्याकाळी आई गॅसपाशी उभी होती. ग्रिसेल्दा टेबलावर कापड बेतत होती. पलंगाच्या खोलीतून आवाज आला.

"मम्मा..."

बारीक. झोपेतून उठल्यासारखा.

आईच्या हातातला चमचा खाली पडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग आई हळूच म्हणाली, "ग्रिस, हा आपला नाही गं."

तेन्चाला बोलावणं गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. विनोद केला नाही.

"हाक काय मारलीस?" तिने विचारलं. "अगदी तोंडातून निघालं ते सांग."

आई पदराशी बोटं चाळवावीत तशी एप्रनशी चाळा करत राहिली.

"नाव घ्यायला गेले... घसाच बंद झाला, कोमाद्रे. जीभ उचलेना. म्हटलं, चल बाळा, आई आलीय, घरी चल. एवढंच."

"नाव न घेता?"

"नाव न घेता."

तेन्चाने छातीवर क्रुसाची खूण केली. "अगं बये, त्या चौकात काय एकटा तुझाच मुलगा गेला होता? आई आलीय म्हटल्यावर कुठलं पोर थांबेल?"

ग्रिसेल्दाला तो लहान क्रूस आठवला. तिने सांगितलं.

आईने एकच प्रश्न केला. "मग एफ्रेन?"

"तो तिथेच," तेन्चा म्हणाली. "तुला बघितलं असेल त्याने. दुसऱ्याचा हात धरून जाताना."

ते बोलणं आईला किती लागलं, हे तिने नंतरही कधी सांगितलं नाही.

पुन्हा प्वेब्लाला जायचं ठरलं. एफ्रेनला आणायलाच हवं होतं. पण तेन्चाने आधीच बजावलं होतं. एका घरात दोन सावल्या राहत नाहीत. एकीला घर मिळालं, की दुसरी दारातच अडते. ज्याला आणलं त्याला आधी परत नेऊन ठेवायचं, तेही आईनेच, स्वतःच्या तोंडाने सांगून.

"रविवारी सकाळच्या बसने निघू," ग्रिसेल्दा टेबलाशी बसून म्हणाली. "प्वेब्लात दुपारपर्यंत..."

ती थांबली.

शिलाई मशीनखालून हुंदका आला होता. तोंडावर हात दाबून धरलेला असावा, तसा.

आणि तिच्या स्कर्टची कड कोणीतरी मुठीत घट्ट धरली होती...

तिने खाली पाहिलं नाही. कापडावरची कात्रीसुद्धा हलवली नाही. हळूहळू मूठ सुटली.

त्या रविवारी त्या गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. घरात त्या गावाचं नाव निघालं, की सगळं गप्प व्हायचं. ठिबकणारा नळसुद्धा थांबायचा. रात्रभर आई त्या पलंगाच्या कडेला बसून पाठ थोपटल्यासारखा हात हलवायची. शेवटी दोघी बाहेर, तमाले विकणाऱ्या गाडीपाशी जाऊन, कपातलं मक्याचं गरम अतोले पीत, दबक्या आवाजात बेत ठरवू लागल्या. कुठली बस, कोणता शर्ट, कसं सांगायचं. लहान पोराच्या चोरून दवाखान्याचं ठरवतात तसं.

"त्याला काय सांगू?" आई विचारायची.

"आई, तो आपला कोणी नाही."

"माहीत आहे मला. काय सांगू ते बोल."

"सांग, फिरायला जातोय."

"खोटं बोलू?"

"आई, तिकडे एफ्रेन उभा आहे!"

तमालेवालीने मान वर करून पाहिलं. आई कप खाली ठेवून म्हणाली, "या रविवारी. नक्की."

त्या रविवारी निघताना आईने डावा हात थोडा खाली, मूठ अर्धवट मिटून धरला होता. बसमध्ये, रस्त्यावर, चौकापर्यंत तो हात तसाच. मोठ्या चर्चसमोर ती क्षणभर थांबली आणि वर बोट दाखवून काहीतरी पुटपुटली. टाइल्सच्या घरांपाशीही. एफ्रेन तिला जे दाखवणार होता, ते ती दुसऱ्यालाच दाखवत होती. ग्रिसेल्दा मागून चालत राहिली.

चौकात या वेळी घंटा वाजत नव्हत्या.

आईने निळा शर्ट फुटपाथला लावला. घसा खाकरला.

"एफ्रेन. एफ्रेन. एफ्रेन. ऊठ, चल, घरी जाऊ."

स्पष्ट. खणखणीत. कणसंवालीने आदराने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

आता दुसरं वाक्य बोलायचं होतं. तू इथेच राहा. एवढंच.

आईने लहान क्रुसाकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती फुटपाथवर खाली बसली आणि शर्ट ग्रिसेल्दापुढे धरला.

"तू त्याला घेऊन जा. मी याच्यापाशी थांबते."

"थांबतेस म्हणजे? किती वेळ?"

"याला झोप लागेपर्यंत."

ग्रिसेल्दाने समजावलं, चिडली, रडली. आई म्हणाली, "गं बाई, बस चुकेल तुझी. आणि वाटेत त्याच्याशी बोलत राहा. मी बोलले होते तसं."

ग्रिसेल्दा वाटभर बोलली. टोलनाका आला. घाट आला. पोपो ढगात होता, तेही तिने सांगितलं. शेजारच्या सीटवर तिने शर्ट पसरला होता.

तो जसा ठेवला तसाच राहिला. एक सुरकुती हलली नाही.

घरी तिने दार उघडून बाजूला होऊन वाट दिली. बराच वेळ दिली. मग दार लावून घेतलं.

ही गोष्ट जूनमधली.

आई परत आलेली नाही. चौकापासून जवळच एका टाइलच्या दुकानावर तिने खोली घेतली आहे. लोकांकडे घरकाम करते, संध्याकाळी खांबापाशी खुर्ची टाकून बसते. तेन्चा दोनदा जाऊन भांडून आली. "तिचं तिथं बरं चाललंय," एवढंच सांगते आणि विषय बदलते.

ग्रिसेल्दाच्या घरात आता काहीच ऐकू येत नाही. मशीन थांबवून ती कान देते. रोज ताटलीत तिखट घातलेलं जेवण वाढते, रोज उचलून टाकते. कधी वाटतं, एफ्रेन अजून चौकातच आहे, आईच्या खुर्चीमागे. कधी वाटतं, तो तिथे कधी नव्हताच. कधी वाटतं, तो आला, दारापर्यंत आला, आणि घरात मालकीण नाही म्हणून...

याच्या पुढे ती विचार करत नाही.

रोज संध्याकाळी आईचा फोन येतो. मागे बाजाराचा गलबला असतो. आई पहिला प्रश्न तोच विचारते.

"जेवला का गं एफ्रेन?"

"जेवला."

"त्रास नाही ना देत?"

"नाही."

काल मध्येच आईने फोन तोंडापासून दूर धरला आणि कोणाला तरी म्हणाली, "थांब रे राजा, ताईशी बोलतेय ना मी."

मग पुन्हा फोनवर आली. म्हणाली, आता फार दिवस झाले, पोराला डोळे भरून बघावंसं वाटतंय.

येत्या रविवारी ग्रिसेल्दाने एफ्रेनला घेऊन प्वेब्लाला यावं, असं तिने सांगितलं आहे.