जास्तीची गाडी

माझी बायको लतिका ज्या शाळेत शिकवते ती धार शहराच्या एका टोकाला आणि आमचं घर दुसऱ्या. सकाळी मी आमची पेट्रोलची गाडी घेऊन पीथमपूरच्या कारखान्याकडे निघालो की तिला आणि चिऊला कोपऱ्यावर ऑटोची वाट बघत उभं राहावं लागे. आमची मुलगी चिऊ तिच्याच शाळेत दुसरीत होती. घरात आणखी एक गाडी हवी, लहानशी का होईना, असं लतिका बरेच दिवस म्हणत होती. विकत घ्यायची आमची तयारी नव्हती. तेवढ्यात देवासहून तिच्या भावाचा, अजेयचा फोन आला. तिकडे आग्रा रोडवर एक जण वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्या भाड्यानं देतो, सर्व्हिसिंग त्याचं, विमा त्याचा, नको झाली तर परत. महिन्याचं भाडं ऐकून मला आधी खोटंच वाटलं. आमच्या जुन्या गाडीला पेट्रोलच त्याहून जास्त लागत होतं.

"इतकं स्वस्त का?" मी विचारलं.

"विचारलं मी. म्हणतो, गाडी उभी राहून खराब होते, कुणीतरी चालवलेली बरी."

कारखान्यात माझं काम तपासणीचं आहे. माल कशामुळे बिघडला ते शोधायचं, कारणाशिवाय काही बिघडत नाही एवढं गृहीत धरायचं. अजेयचं उत्तर मला पटलं.

रविवारी आम्ही तिघं देवासला गेलो. पत्र्याच्या शेडखाली राखाडी रंगाची ती छोटी गाडी उभी होती. बाकी सगळ्या गाड्या शेडच्या दुसऱ्या बाजूला, दाटीवाटीनं. ऑफिसात एकच माणूस. त्यानं चावी टेबलावरून सरकवली.

"दीदी, आप ही घुमा लो."

"तुम्ही नाही येणार? काही समजावून सांगायचं असेल तर?"

"सब आसान है," तो म्हणाला.

लतिका आणि चिऊ चक्कर मारून आल्या. मी तोवर करारातल्या अटी वाचत बसलो होतो. त्या दोघी हसत आत आल्या, तेव्हा त्या माणसानं खुर्ची भिंतीकडे फिरवली. सह्या होईपर्यंत तो त्यांच्याकडे पाठ करूनच बसला. लतिकाला गंमत वाटली. मला तो उद्धट वाटला.

परत येताना त्या दोघी नव्या गाडीत पुढे आणि मी जुन्या गाडीत मागे. इंदूरच्या बायपासवर चहाला थांबलो. चहावाल्यानं मला "बैठो भिया" म्हणत बाक पुसून दिला. लतिकापुढे मात्र त्यानं ग्लास असा आदळला की अर्धा चहा तिच्या साडीवर उडाला. चिऊनं बिस्किट मागितलं. बरण्या भरलेल्या होत्या.

"नहीं है," तो म्हणाला.

"थकला असेल," मी लतिकाला म्हटलं.

नव्या गाडीत बसण्याचा मला योगच आला नाही. सकाळी मी लवकर निघायचो. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून कुठं जायचं तर माझी आई नव्या गाडीत बसायला नाही म्हणायची. तिला बंद गाडीत मळमळतं. जुन्या गाडीची तिला सवय होती, म्हणून आम्ही तीच काढायचो. नवी गाडी पोर्चमध्ये भिंतीतल्या प्लगला लावलेली असायची. आवाज नाही, धूर नाही. लतिका तिच्यावर खूष होती.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. भाजीवाली लतिकाला सडकी वांगी भरून द्यायला लागली, आणि हटकलं तर टोपलीवर फडकं टाकून गप्प बसायची. शेजारच्या सुभद्राकाकू, ज्यांच्या घरी चिऊ अर्धा दिवस असायची, त्या चिऊ दिसली की दार लावून घ्यायच्या. वर्गात चिऊच्या बाकावर कुणी बसेना. एकदा तिच्या डब्यात कुणीतरी माती घातली. लतिकानं मुलांना विचारलं, तर नाव लपवायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. सगळ्या वर्गानं हात वर केला.

मी मुख्याध्यापिकांना भेटायला गेलो. माझ्याशी त्या अदबीनं बोलल्या. मुलांना समज देऊ म्हणाल्या. तेवढ्यात लतिका आत आली. बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन एकमेकांत घट्ट अडकवले, जणू ते हात त्यांना आवरायचे होते.

"आपण काही दिवस रजा घ्या," त्या लतिकाकडे न बघता म्हणाल्या.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुम्ही जा."

घरी आल्यावर लतिका खूप रडली. "एक प्रियांका तेवढी माझ्याशी नीट बोलते," ती म्हणाली. प्रियांका तिच्या शाळेतली चित्रकलेची शिक्षिका. "आणि तिच्याही घरी काहीतरी बिनसलंय. नवऱ्यानं तिला बाहेर काढलं. इतका सरळ माणूस."

सगळ्यात वाईट आईचं झालं. चिऊ म्हणजे तिचा जीव. रोज सकाळी तेल लावून तिच्या दोन वेण्या घालणं हे आईचं काम. आता ती चिऊच्या पानात तूप वाढेना. हाक मारली तर ओ देईना. एके दिवशी चिऊ किंचाळत माझ्याकडे धावत आली. आईच्या हातातल्या फणीत मूठभर केस होते, मुळापासून उपटलेले.

आई त्या फणीकडे बघत बसली होती. "मला कळत नाही रे भास्कर," ती म्हणाली. "ती जवळ आली की..."

"की काय?"

"की ती नकोशी होते." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी मी कारखान्यात करतो तसा विचार केला. कुणाचा राग येतो, कुणाचा येत नाही. माझा कुणालाच येत नव्हता. आईचा येत नव्हता. लतिकाचा येत होता, चिऊचा येत होता. आणि प्रियांकाचा. मी लतिकाला विचारलं, प्रियांका आपल्या गाडीत कधी बसली होती का?

"बसली होती की. मी तिला स्टँडपर्यंत सोडलं होतं. का?"

मला स्वतःचंच हसू आलं. तरी देवासला फोन करून गाडी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्या माणसानं कारण विचारलं नाही.

"शनिवार दोपहर ट्रक आ जाएगा," तो म्हणाला. "चला के मत लाना, साब."

शुक्रवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. चिऊ माझ्यासमोर बसली होती. गाडी जाणार म्हणून ती हिरमुसली होती. म्हणाली, "बाबा, त्या गाडीला घरी जा म्हटलं ना, की ती पडद्यावर भलतंच गाव दाखवते. लोहारदा." तिच्या ओठाला पोह्याचा दाणा चिकटला होता. तो हलत होता. मला तिचा आवाज सहन होईना. तिचं चावणं, ते बारीक मनगट, मानेवरची केसांची बट, काहीच सहन होईना. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. हातातली ताटली मी खाली ठेवली आणि जुनी गाडी काढून निघालो. पीथमपूरला नाही, ती गाडी आधी ज्याच्याकडे होती त्याच्या गावी. इंदूर, चापडा, तिथून कांटाफोडच्या बाजूनं लोहारदा.

गाव लहान. मंडीत लसणाच्या पोत्यांचा वास भरलेला. राखाडी इलेक्ट्रिक गाडी कुणाकडे होती म्हणून विचारलं, तर एक अडत्या थुंकला.

"धीरज. उसका नाम मत लो भिया." पण हातानं दिशा दाखवली.

घर हरभऱ्याच्या शेतालगत होतं. रस्त्याकडच्या खिडक्या विटा रचून बंद केलेल्या. दाराला लोखंडी जाळी. जाळीमागे तिशीतला एक किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला, आणि त्याला बघताक्षणी माझ्या जबड्यात कळ आली. मी दात इतके आवळले होते. त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"आप उसमें बैठे नहीं," तो म्हणाला.

"नाही. नहीं बैठा."

"दिखता है. वहीं खड़े रहो, जाली के पास मत आओ."

मी खिशात हात घालून उभा राहिलो. त्यानं सांगितलं की गाडी त्यानं पावसाळ्यातच परत केली होती. पण परत करून काही बदललं नाही. किराणा पहाटे कुणीतरी दाराबाहेर टाकून जातं, तेही दुप्पट भाव लावून.

"और आपस में?" मी विचारलं.

"आपस में कुछ नहीं. हम तीनों ठीक हैं. एक पिताजी नहीं बैठे थे. उनको अपनी मोटरसाइकिल भली लगती थी."

"कहां हैं वो?"

आतून एक मुलगी येऊन त्याच्या पायाला बिलगली. चिऊच्याच वयाची. तिच्या गळ्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत रुंद पांढरा व्रण होता.

"जेल में," धीरज म्हणाला. "अच्छे आदमी हैं. रोज इसको कंधे पर बिठाके मंडी ले जाते थे." त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "गाड़ी अभी आपके पास है?"

"उद्या... कल दोपहर तक."

"तो कल दोपहर तक सोच लो."

मी घरी गेलो नाही. इंदूरला एका लॉजवर खोली घेतली. लतिकाला फोन केला. फोनवरसुद्धा तिचा आवाज मला किळसवाणा वाटला. तिला म्हटलं, तू आणि चिऊ एका खोलीत झोपा, आतून कडी लावा.

"आई घरात आहेत ना," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

तिनं चिऊला जवळ बोलावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही कधी येणार?"

"उद्या." मी फोन ठेवला. ती माझी बायको होती, ती मुलगी माझी होती, हे मला पाठ होतं. पण नुसतं पाठच.

शनिवारी दुपारी मी गल्लीत शिरलो तेव्हा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर चहा पीत होता. माझ्याकडे बघून त्यानं "राम राम साब" केलं.

घराचं दार उघडं होतं. पोर्चमध्ये गाडी. लतिका आणि चिऊ गाडीत पुढे बसल्या होत्या, दारं लॉक करून. लतिकाच्या कपाळावर खोक होती आणि रक्त भुवईपर्यंत वाळलं होतं.

चिऊनं मला बघितलं. आतून काचेवर तळहात ठेवला.

तो हात मला चिरडावासा वाटला.

मी खांबाला धरून उभा राहिलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मागे वळावं, जुन्या गाडीत बसावं, पुन्हा कधी यांच्यासमोर येऊ नये, हेही करता आलं असतं. तेच जास्त सोपं होतं. पण मागे घरात आई होती.

मी चिऊच्या बाजूच्या दाराला हात लावला. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि चिऊला आपल्याकडे ओढलं. ती घाबरली होती. मला घाबरली होती.

"लॉक काढ," मी म्हटलं. "मला आत येऊ दे."

तिनं किती वेळ घेतला मला माहीत नाही. लॉक निघालं.

मी आत बसलो, दार ओढलं.

जबडा सैल झाला. चिऊच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडलो. लतिकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. किती दिवसांनी मी त्यांना नीट बघत होतो.

बाहेर चहाचा कप फुटला. ट्रकचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मघाचाच माणूस. तो केबिनमध्ये चढला, काच वर केली आणि तोंड फिरवून बसला.

"आईलाही आत घेऊ," मी लतिकाला म्हटलं. "आई बसली की झालं. आपण चौघं."

लतिकानं कपाळावरच्या खोकेवर बोट ठेवलं.

आई घरातून बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला. रोज जेवायला बोलावते त्याच आवाजात म्हणाली, "भास्कर, उतर रे बाळा. पान वाढलंय."

मी मागचं दार उघडायला हात मागे नेला. लतिकानं माझं मनगट घट्ट धरलं.

आईच्या हातात वरवंटा होता.

ती माझ्या बाजूला आली. वरवंट्यानं तिनं काचेवर हळूच टकटक केली. त्याला कोथिंबिरीची ओली चटणी लागलेली होती, तिचा हिरवा ठसा काचेवर उठला. आईनं पदराच्या टोकानं तो ठसा नीट पुसून काढला, कपाळ काचेला टेकवलं, आणि आत कोण कुठे बसलंय ते बघू लागली.