कोपऱ्यातला बिल्ला

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा भिंगवाली आपल्या दुकानात एक कॅमेरा जोडत होती.

"ताई, मला चोर ठरवलंय. चारला पोलीस येणार आहेत."

भिंगांची पेटी उचलून ती तडक कारखान्यात पोचली. भाऊ तिथल्या भांडाराचा कारकून. काल दुपारी भांडारातल्या कपाटातून काच कापायचं, हिऱ्याच्या टोकाचं हत्यार गेलं होतं. किल्ल्या दोनच, एक भावाकडे आणि दुसरी सुरक्षा अधिकाऱ्याकडे. गेल्याच महिन्यात भावानं त्या अधिकाऱ्याची मालकांकडे तक्रार केली होती. त्यानं नेमका डाव साधला, हे तिला लगेच कळलं. ती रागानं नुसती धुमसत होती.

सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी, भाऊ मालकांसमोर मान खाली घालून बसला होता. अधिकारी मात्र मिशीवर हात फिरवत होता.

"काल तुम्ही भांडारात गेला होता?" तिनं विचारलं.

"पाऊलही टाकलं नाही. दिवसभर या पडद्यासमोर होतो."

"मग चोर ओळखलात कसा?"

"हा काय, कोपऱ्यात! तीन वाजून दहा मिनिटं. पिन तुटलेली, बिल्ला लाल दोऱ्यानं बांधलेला. लेखी दिलंय मी."

तिनं पडद्यावर कालचं चित्रण पाहिलं. मधली माणसं लख्ख होती. कोपऱ्यात कपाटापाशी नुसता राखाडी डाग.

"दोरा कधी बांधलास रे?"

"तीनला, कपाटापाशीच पिन तुटली तेव्हा," भाऊ म्हणाला. "पाच मिनिटांत बाहेर पडलो. दारावरच्या काकांनी नवी पिन दिली, तिथंच दोरा काढून टाकला."

दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरी काकांनी मान हलवली. "मीच दिली की."

ती मालकांकडे वळली. "साहेब, तुम्ही कपाटापाशी वर्तमानपत्र धरून उभे राहता?"

मालक गेले. पडद्यावर मथळ्याचं एक अक्षर वाचता येईना. तिनं भांडारात शिडीवर चढून कॅमेऱ्याला आपल्या पेटीतलं भिंग लावलं. परत येऊन पाहिलं, तर आता मथळ्याखालची तारीखसुद्धा दिसली.

मालक परतल्यावर ती म्हणाली, "कॅमेरा माझ्याकडून नवा घेतलात, पण या अधिकाऱ्यांनी माझं न ऐकता जुनं भिंग चढवलं. त्याला एवढा बारीक तपशील झेपत नाही. मध्ये निभतं, कडेला सगळं पुसट. या पडद्यावर दोरा दिसणं शक्यच नाही. मग यांनी तो पाहिला कुठून?"

तिनं अधिकाऱ्याकडे बोट केलं.

"तीन ते तीन वाजून पाच मिनिटं, एवढाच वेळ तो दोरा बिल्ल्याला होता, तोही भांडारात. म्हणजे हे तेव्हा मागच्या दारानं येऊन आत मांडणीआड लपले होते. भाऊ गेल्यावर यांनी आपल्या किल्लीनं कपाट उघडलं. तीन-दहाचा डाग यांचाच. पुरावा पक्का करायला लेखी जबाबात दोरा घातला, आणि तो तोवर सुटलाय हे यांना ठाऊकच नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

मालकांनी अधिकाऱ्याच्या मेजाचा खण उघडायला लावला. हत्यार फडक्यात गुंडाळलेलं सापडलं.

"बाई, चूक झाली," अधिकारी हात जोडून म्हणाला. "पोलिसांना नको. माझ्या पोरांकडे बघा."

"माझ्या भावाला अडकवताना आमची आई आठवली होती?"

भावानं तिची बाही ओढली. "ताई, सुटलो ना मी. चल घरी."

"तू जा," ती म्हणाली, आणि अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "चारला पोलीस येतायत. यांना नेताना मला डोळे भरून बघायचंय."