पाचवा थर

योगिनीच्या मते जगात नेलपॉलिशचे दोनच प्रकार होते, झाकणारे आणि न झाकणारे. झाकणाऱ्यांत तिला काडीचा रस नव्हता. एका फटकाऱ्यात नख लालभडक झालं की विषय संपला, त्यावर बोलायचं काय? तिचा जीव जडला होता पातळ, झिरझिरीत रंगांवर. पहिला थर दिला की लावलाय की नाही अशी शंका यावी, दुसऱ्याला नख जरा ओलसर दिसावं आणि तिसऱ्या-चौथ्याला कुठे रंग आतून वर यावा. काचीगुड्याच्या फ्लॅटमध्ये, स्टेशनकडच्या खिडकीशी टेबल मांडून ती या रंगांची परीक्षणं करायची. तिचे व्हिडिओ बघणाऱ्या बायका हैदराबादपासून नांदेड-लातूरपर्यंत पसरल्या होत्या आणि तिच्या ‘हौ, आता बघा गंमत’वर फिदा होत्या.

तिची एक पद्धत होती. करंगळीवर एक थर, अनामिकेवर दोन, मधल्या बोटावर तीन, तर्जनीवर चार आणि अंगठ्यावर पाच. एकाच हातावर रंगाचा सगळा प्रवास दिसायचा. पाचवा थर दिल्याशिवाय ती रंगाबद्दल अक्षर बोलत नसे. अर्धवट परीक्षण म्हणजे लबाडी, असा तिचा खाक्या होता, आणि त्यापायी पुष्कळ कंपन्यांशी तिचं वाजलंही होतं.

अडचण एवढीच की रिमूव्हरनं पुसून पुसून तिच्या स्वतःच्या नखांचे पापुद्रे निघाले होते. म्हणून या आषाढात धाकटी बहीण माहेरी आली तेव्हा योगिनीनं पहिल्याच दिवशी तिचे हात ताब्यात घेतले.

रसिकाचं लग्न माघात झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मुलगी माहेरी राहते. इथल्या तेलुगू घरांत हा रिवाज कडक, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेजारात राहिलेल्या मराठी घरांनीही तो आपलासा केलेला. रसिकाचा नवरा चिन्मय पुण्याचा, इथे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला तारनाक्याला. तो या रिवाजाला हसला होता, पण त्यानं तिला येऊ दिलं. अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका आषाढाचा गोरिंटाकु, म्हणजे मेंदीचा पाला, वाटून बोटांना लावत होत्या, तेव्हा योगिनीनं बहिणीला साफ बजावलं, “तू नक्को लावू. नखं केशरी झाली की माझे पातळ रंग दिसणार नाहीत.” रसिका हसून बरं म्हणाली. तशी ती महिनाभर सगळ्यालाच बरं म्हणत होती. झोपायची फार, खायची कमी. सासरी दमली असेल, असं म्हणून आई मोकळी झाली होती.

आषाढाची शेवटची दुपार. संध्याकाळी चिन्मय न्यायला येणार, म्हणून आई स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कापण्या तळत होती. घरभर तेलाचा वास, बाहेर आभाळ गच्च आणि पाऊस नाही. योगिनीनं टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, गोल दिवा लावला आणि नवी बाटली उघडली. घरच्या घरी रंग बनवणाऱ्या कुणा बाईनं नमुना पाठवला होता. बाटलीवर नाव नव्हतं, आतला रंग फिका गुलाबी.

आधी प्लॅस्टिकच्या नखांवर लावून पाहिला. छान गुलाबी, थरागणिक जरा गडद. मग रसिकाचा उजवा हात समोर ओढला.

पहिला थर पाचही बोटांवर. करंगळीचं काम तिथेच संपलं. मिनिटभरानं योगिनीनं पाहिलं, तर करंगळीचं नख पिवळं पडलं होतं. बाकीची चार गुलाबीच.

“आईच्या हळदीत हात घातलास का गं?”

“नाही.”

दुसऱ्या थरानंतर अनामिका हिरवट झाली. मधल्या बोटाला तिसरा थर लागला आणि ते जांभळं झालं. योगिनीनं बाटली उजेडात धरली. आत तोच फिका गुलाबी. रंग खराब निघाला, उन्हात राहिला असेल, असं ती स्वतःशी पुटपुटली. चौथा थर तर्जनीवर गेला. नख काळंलाल झालं आणि तिच्या चिमटीत धरलेलं बोट फुगायला लागलं. कातडी ताणली जात होती, गरम लागत होती.

“रसू, दुखतंय का?”

“लाव तू,” रसिका म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

योगिनी घाबरली, पण ती मुळात तपासणारी बाई. कापूस भिजवून तिनं सगळं पुसलं. नखं स्वच्छ झाली, बोट होतं तसं झालं. तिनं तोच रंग स्वतःच्या फाटक्या नखावर लावला. गुलाबी. मग तिनं आईला हाक मारली.

“आई, जरा हात दे इकडे.”

झारा हातात घेऊन आई दारात आली. तिनं रसिकाचा चेहरा पाहिला, बाटली पाहिली आणि उजवा हात पदराखाली घेतला. “माझ्या हाताला नक्को गं ते.”

“कामून?”

“नक्को म्हटलं ना.” आई आत गेली. तिच्या उजव्या हाताची करंगळी कधीच सरळ होत नसे. दार लागलं होतं, एवढंच मुलींना ठाऊक होतं. वडील, हिम्मतराव, रेल्वेच्या ऑफिसात होते आणि माणूस देवासारखा, असं त्यांच्या तेराव्याला जो तो म्हणत होता. योगिनीला आज पहिल्यांदाच वाटलं की दार लागून बोट असं वळत नाही.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. करंगळी पिवळी झाली, तशी रसिका बोलायला लागली, खालच्या आवाजात, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशी.

“करंगळी सगळ्यात आधी. लग्नानंतर पंधरा दिवसांनी. चहा त्याच्या लॅपटॉपवर सांडला.”

“कुणी? चिन्मयनं?”

“तो मारत नाही गं. बोट धरतो आणि मागे वाकवतो. हळूहळू. माझ्याकडे बघत. आतून आवाज आला की सोडतो.” अनामिका हिरवी झाली. “ही त्याला न विचारता तुला फोन केला म्हणून.” मधलं बोट जांभळं झालं. “हे का, ते त्यानं सांगितलंच नाही. आणि ही तर्जनी, माहेरची बॅग भरत होते तेव्हा. तोंडाला कधी हात लावत नाही. लोक तोंड बघतात, म्हणतो.”

महिनाभर हेच हात योगिनीनं दिव्याखाली धरले होते, वळवले होते, ‘बोटं जरा ताठ ठेव गं’ म्हणून ओरडली होती.

“आणि अंगठा?” तिनं विचारलं.

“अंगठ्याला अजून काही केलं नाही त्यानं.”

योगिनीनं ते ऐकलं, पण हाताला सवय होती. ब्रश बाटलीत बुडून वर आला होता आणि पाचवा थर अंगठ्यावर टेकलाही होता.

कुणी धरलं नसताना रसिकाचा अंगठा मागे जायला लागला. मनगटाच्या दिशेनं, सावकाश. हाड कचकन वाजलं. नख मुळापासून उचललं गेलं आणि रक्ताची धार टॉवेलवर पडली. रसिकानं ओढणी तोंडात कोंबली. तिच्या घशातून जो आवाज आला तो खालून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीत बुडाला. योगिनीनं रिमूव्हरची बाटली तशीच हातावर उपडी केली आणि ओरबाडल्यासारखं पुसत सुटली.

अंगठा सरळ झाला. नख जागच्या जागी. टॉवेलवरचं रक्त मात्र तिथेच राहिलं.

“तू जायचं नाहीस,” योगिनी म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. चिन्मय लवकर आला होता.

तो आईच्या पाया पडला. सोफ्यावर बसून दोन पुऱ्या खाल्ल्या, कापण्यांचं कौतुक केलं. “ताई, आमच्या टीममधल्या मुली तुमचे व्हिडिओ बघतात, माहितीय? सेलिब्रिटी आहात तुम्ही.”

“रसिका येणार नाही,” योगिनी म्हणाली.

त्याचं हसू हललं नाही. त्यानं शेजारी बसलेल्या रसिकाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तिचा अंगठा मुठीत धरला. “का गं रसू? काही झालंय का? सांग ना ताईंना.”

रसिका उठली. “बॅग आणते,” म्हणाली.

योगिनीचं टाळकं सणकलं. पण सांगायचं कुणाला आणि दाखवायचं काय? बोटांवर एक वळ नव्हता. पोलिसांसमोरही तो असाच गोड हसला असता. आणि खाली टॅक्सी उभी होती. आता अडवलं नाही तर अंगठा जाणार, हे तिला टॉवेलवर दिसत होतं. तिनं टॉवेल उलटा केला.

“चिन्मयराव, जाता जाता एक व्हिडिओ करू या? जावयाचा हात. लोकांना लई आवडतं असलं.”

“अरे वा! मला गुलाबी लावणार?” तो खुशीत टेबलाशी येऊन बसला आणि त्यानं उजवा पंजा पसरला. “घ्या. व्ह्यूज आले तर पार्टी तुमच्याकडून.”

पहिला थर पाचही बोटांवर.

रसिकाच्या नखांवर दुखापतींचे रंग जुन्याकडून ताज्याकडे आले होते. चिन्मयच्या नखांवर जुनं काहीच नव्हतं. पिवळं नाही, हिरवं नाही. करंगळी एकदम काळीलाल झाली.

“ताई, हे काय? मुंग्या येतायत हाताला.”

करंगळी उभी राहिली. मागे गेली. कचकन वाजली.

तो ओरडला आणि हात ओढून घ्यायला गेला. हात टेबलावरून निघेना. रसिका बॅग घेऊन दारात उभी होती. तिनं बॅग खाली ठेवली, टेबलाशी गुडघे टेकले आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“रसू! सोड! वेडी झालीस का?”

योगिनीनं दुसरा थर दिला. अनामिका गेली.

डाव्या हातानं त्यानं रसिकाच्या तोंडावर ठोसा मारला. पहिल्यांदाच तोंडावर. तिचा ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त टेबलावर गळलं. तिनं पकड सोडली नाही. त्यानं पुन्हा मारलं, पण आता त्या ठोशात जोर नव्हता.

तिसरा थर. मधलं बोट पंजाच्या पाठीला जाऊन चिकटलं. तो खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आला. शर्टावर पुऱ्या ओकला.

“ताई, प्लीज. काय पाहिजे ते बोला. मी हिला इथेच ठेवतो. ताई!”

योगिनीचा ब्रश थांबला. तिनं रसिकाकडे पाहिलं.

रसिका त्याच्याकडे बघत होती. अगदी डोळ्यांत, पापणी न लववता.

“लाव तू,” रसिका म्हणाली.

चौथा थर. तर्जनी.

किंकाळी जिन्यापर्यंत गेली असणार. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. “सुजाताअम्मा? एमैंदी?” कुणीतरी बाहेरून विचारलं. काय झालं म्हणून.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं टेबलाकडे पाहिलं. जावयाकडे, मुलींकडे.

मग ती दाराशी गेली. “काही नाही अम्मा, कढईतलं तेल उडालं,” असं शांतपणे सांगितलं आणि आतून कडी लावली.

चिन्मय हुंदके देत होता. योगिनीनं ब्रश पाचव्यांदा बुडवला. आईनं हात पदराला पुसले, टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली आणि गोल दिवा त्याच्या अंगठ्यावर नीट वळवला.

“जरा वाळू दे आधी,” ती म्हणाली. “घाई केली की रंग बसत नाही.”