आगरखारच्या जास्तीच्या माणसांचा शोध

गावात माणसं कमी आणि कामावर गेलेली माणसं जास्त, असं कधी होईल का? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण आगरखार गावात हे झालं होतं खरं.

गावातल्या आणि खाडीपलीकडच्या प्रत्येक कामाच्या जागेने आपल्याकडे कामाला येणारी आगरखारची माणसं जिल्ह्याला कळवली. त्यांची बेरीज केली, तर ती गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या संख्येच्या वर गेली! उलट घरोघरी केलेल्या पाहणीत खाडीपलीकडे जाणारं माणूस औषधालाही सापडेना.

"मग ही जास्तीची माणसं काय भुतं आहेत?" केतकी तांडेल म्हणाली. वर्गात हशा पिकला, पण केतकी स्वतः मात्र हसली नाही. कारण या घोळात गावाला मिळणारी संध्याकाळची सौरबोट (उन्हाच्या विजेवर चालणारी बोट) अडकली होती. "पलीकडे नक्की किती जण जातात? दोन्ही आकडे जुळेपर्यंत बोट नाही," असं जिल्ह्याने ठणकावलं होतं. आणि बोट नाही, म्हणून केतकीची आई रोज खाडीपलीकडून लांबच्या पुलावरून फिरून घरी यायची. तोवर केतकी जेवून, वाट बघून बघून झोपलेली असायची. आईशी धड बोलून किती दिवस झाले होते!

शेवटी फेरपाहणीसाठी जिल्ह्याने यंत्रमानव पाठवला. तीन चाकं, पोटावर पडदा आणि आवाज अगदी नम्र. एरवी देशभरच्या पाहणीत चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडतात (याला नमुना पाहणी म्हणतात). पण या वेळी तो एकूण एक घरी जाणार होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं टिपण्या.

आगरखारची एक रीत होती. कुणी चौकशीला आलं की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने पडवीत बसून सगळ्यांच्या वतीने बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. त्यामुळे टिपण्या आला तेव्हा केतकीचे आबा ऐटीत पुढे सरसावले.

"मुलगा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. सून अंगणवाडीत शिकवते. मी आता घरीच. झालं!"

"सूनबाई आणखी काही काम करतात का, आजोबा?"

"छे छे! खाऊनपिऊन सुखी घर आहे आमचं. आमच्या सुनेला दोन-दोन नोकऱ्या करायची काय गरज?"

केतकी दाराआडून ऐकत होती. ती चाटच पडली. आई तर रोज दुपारनंतर खाडीपलीकडच्या खेकडा-संवर्धन केंद्रात खेकड्यांच्या पिल्लांना खाणं घालायला जायची! तेही पगारावर! आबांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण घरात त्याला कुणी काम म्हणायचंच नाही. "सुवर्णा जरा पलीकडे जाऊन येते," एवढंच म्हणायचे.

आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती रीतबीत विसरून बाहेर धावली.

"आबा, भुतंबितं काही नाहीत! माणूस एकच आहे, पण कामं दोन! अंगणवाडीनेही आईला मोजलं आणि केंद्रानेही! म्हणून बेरीज फुगली!"

"शाब्बास!" टिपण्याचा पडदा उजळला. "कामाच्या जागा मोजतात नोकऱ्या. घरोघरची पाहणी मोजते माणसं. माणूस एकदाच मोजायचा, पण त्याची कामं मात्र सगळी विचारायची. ज्या कामात जास्त तास जातात ते मुख्य काम, उरलेलं दुय्यम काम (म्हणजे जोडीचं काम). ते कुणी सांगितलंच नाही, तर आकडे जुळणार कसे?"

"घरातलं पोर मला शिकवणार होय?" आबा गुरगुरले.

"आबा, आईचं आईलाच सांगू द्या ना," केतकीचा आवाज रडवेला झाला. "बोट आली नाही तर ती कधीच लवकर येणार नाही."

तेवढ्यात आई केंद्रावर जायच्या आधी अंगणवाडीतून घरी आली. टिपण्याने विचारलं, "ताई, तुम्ही काय काम करता?"

आईने आबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अंगणवाडीत शिकवते."

बघा! स्वतः आईनेही दुसरं काम गिळलं. पण टिपण्या कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मी नीट विचारतो," तो म्हणाला. "फक्त गेल्या आठवड्याचं सांगा (हा आपला संदर्भ आठवडा, म्हणजे ज्याबद्दल बोलायचं तो). त्यात एक तास का होईना, पैसे मिळतील असं आणखी काही केलंत? अगदी मदत, हातभार म्हणून केलेलंही चालेल."

आईने पुन्हा आबांकडे पाहिलं. मग टिपण्या त्यांच्याकडे वळला. "आजोबा, हाच प्रश्न तुम्हालाही."

"मला? मी तर निवृत्त माणूस. हां, गेल्या आठवड्यात दोघांची जाळी विणून दिली, त्यांनी पैसे दिले. पण ते काय काम झालं?"

"झालं की! तुम्हीही कामकरी."

आबा आधी दचकले, मग त्यांची छाती फुगली. "म्हणजे मी बेकार नाही तर!" ते खो-खो हसले. हसता हसता त्यांची नजर सुनेच्या दमलेल्या चेहऱ्यावर गेली आणि ते ओशाळले.

"सांग गो सुवर्णा, सगळं सांग," ते म्हणाले. "मी कमीपणा मानत बसलो, आणि पायपीट तुझी होत राहिली. चुकलंच माझं."

आईने डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. आबांनी तर पायात चपला सरकवल्या आणि टिपण्याच्या पुढे घरोघर निघाले. "अरे, बायकापोरींना बाहेर बोलवा! ज्याचं त्याला सांगू द्या!" प्रत्येक पडवीत त्यांचा हाच घोष. घराघरातून जोडीची कामं बाहेर पडली. कुणी सकाळी मास्तर, संध्याकाळी मोटारदुरुस्तीवाला. कुणी दिवसा शिवणकाम करणारी, मग मीठ भरणारी. आकडे हळूहळू जुळत आले.

महिन्याभरात सौरबोट सुरू झाली. पहिल्या दिवशी केतकी आणि आबा धक्क्यावर उभे होते. सूर्य अजून मावळायचा होता. गर्दीतून आई उतरली तशी केतकीने धावत जाऊन तिला मिठीच मारली.

"मोठेपणी मी पाहणीचे असे प्रश्न शोधणार, आई," ती म्हणाली. "ज्यातून कुणाचंच काम मोजायचं सुटणार नाही."

शेजारी उभ्या असलेल्या परगावच्या पाहुण्याने आईकडे बघत आबांना सहज विचारलं, "ही कोण तुमची?"

"माझी सून!" आबा अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दोन-दोन कामं करते!"