अद्रारच्या हँगरमधलं चाक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. हे माझ्या दाजींसोबत घडलंय, आणि ते उगाच बोलणारे नाहीत.

बुआलेम दाजी वाळवंटातल्या अद्रारच्या विमानतळावर मेकॅनिक आहेत. विमानांची चाकं आणि ब्रेक, हे त्यांचं काम.

रमजानमधली संध्याकाळ होती. रोजा सुटायला थोडाच वेळ उरला होता. दुपारपासून वाळूचा वारा सुटलेला, विमानं दुरुस्त करायच्या हँगरचे पत्रे थडथडत होते.

एक लहान विमान राजधानीला, अल्जियर्सला निघायचं होतं. आत स्ट्रेचरवर झुलिखा नावाच्या शिक्षिका होत्या. पोटात रक्तस्राव होत होता आणि त्यांचं ऑपरेशन अद्रारमध्ये होण्यासारखं नव्हतं. उशाशी त्यांचा नवरा लईद बसला होता.

निघण्याआधी दाजींनी टायर तपासले.

डाव्या टायरला खोल चीर होती... रबराखालचे दोरे उघडे पडले होते.

"कॅप्टन, हा धावपट्टीवरच फुटेल. चाक बदलावं लागेल."

"मग बदल लवकर! बाई तळमळतेय आत."

स्टोअरमध्ये जादा चाक एकच होतं. दाजींनी ते पिंजऱ्यात ठेवलं. हवा भरताना विमानाचं चाक फुटलं, तर समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरतात. दाजींचा जोडीदार ताहेर असाच गेला होता. याच हँगरमध्ये. घाईत त्याने चाक पिंजऱ्याबाहेरच भरायला घेतलं होतं.

अजान झाली. सगळे रोजा सोडायला निघाले.

"चल रे," सोबतचा मेकॅनिक सुलेमान म्हणाला. "नाहीतर वहिनींना सांगतो, नवऱ्याने चाकाशी दुसरं लग्न लावलंय म्हणून."

"सांग जा. चाक निदान टोमणे तरी मारत नाही! हो पुढे, हवा भरतो आणि आलोच."

दाजींनी एक खजूर तोंडात टाकला आणि नळी जोडली. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बरोबर आकड्यावर आला. त्यांनी नळी काढली.

आणि...

सूंऽऽऽ...

हवा सुटल्याचा आवाज.

त्यांनी गेज लावून पाहिलं. काटा शून्यावर.

एवढी हवा क्षणात गेली कुठे?

त्यांनी पुन्हा हवा भरली. चाकाला साबणाचं पाणी लावलं. कुठे गळत असेल, तर तिथे बुडबुडा येतोच.

एकही बुडबुडा आला नाही.

तरीही... सूंऽऽऽ...

काटा पुन्हा शून्यावर.

त्यांनी तिसऱ्यांदा नळी जोडली. तेवढ्यात पत्र्यांची थडथड थांबली. बाहेर वाळू उडताना दिसत होती... पण वाऱ्याचा आवाजच नव्हता.

सूंऽऽऽ...

या वेळी आवाज पिंजऱ्यातून आला नाही.

तो त्यांच्या मानेमागून आला... दात आवळून कुणी श्वास सोडावा तसा.

आणि मग हळूच, अगदी कानाशी...

"बुआलेम... हे चाक लावू नको."

दाजी गर्रकन वळले.

मागे कुणीच नव्हतं.

मंडळी परतली, तेव्हा दाजी पिंजऱ्याला पाठ लावून उभे होते. गेजचा काटा मात्र बरोबर होता. हवा पूर्ण भरलेली.

"झालं ना? लाव मग!" कॅप्टन म्हणाला.

"नाही लावणार."

"का? खराबी काय आहे?"

"दिसत नाही. पण आहे. ताहेरने सांगितलं मला."

लईदने दाजींचे हात धरले. "दादा, पाया पडतो. ती फार वेळ काढणार नाही हो!"

"हे चाक लावलं तर तुम्ही सगळेच जाल. ऐका माझं," दाजी कळवळून म्हणाले.

चाकांच्या कामावर त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नसे. त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या विमानतळावरून चाक मागवलं, पण रात्री वाळूचं वादळ आणखी वाढलं आणि ते येऊ शकलं नाही.

पहाटे झुलिखाबाई गेल्या.

पुढे ते चाक तपासणीला गेलं. नट-बोल्ट सुटे केले, भेगा शोधल्या, टायर उलटासुलटा करून पाहिला. काहीच खराबी नव्हती. दुसऱ्या एका विमानाला ते लावलं. ते विमान शेकडो वेळा उतरलं, त्याला काही झालं नाही.

दाजींची झोप उडाली. तरी ते स्वतःला समजावत राहिले, ताहेर मला उगाच कसा सांगेल?

पुढच्या वर्षीच्या ईदला ते ताहेरच्या बायकोला, मसऊदाला, भेटायला गेले. न राहवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. अगदी शब्दन् शब्द.



"भाऊजी," ती म्हणाली, "ते तुम्हाला नावाने कधी हाक मारायचे हो? घरातसुद्धा ते तुम्हाला 'उस्ताद'च म्हणायचे."

दाजींच्या हातातला पेला खाली पडला.

खरंच. इतक्या वर्षांत ताहेरने त्यांना एकदाही बुआलेम म्हटलं नव्हतं.

परवा मी धीर करून विचारलं, "दाजी, मग ती हाक कुणाची होती?"



भर दुपार होती, घरात आम्ही सगळे होतो... तरी ते उठले आणि दाराला कडी लावून आले.