आठाच्या पुढे

जुन्या बेसबॉल खेळाडूंचे फोटो जमवायचं वेड मला चाळीस वर्षांचं. त्या दुपारी ओहायोतल्या एका शेतघरी गेलो, तेही त्यासाठीच. हुल्डाबाईंचा नवरा ओरिन, माझ्यासारखाच वेडा, वसंतात वारला होता. बाई त्याचा संग्रह विकायला बसल्या होत्या.

त्यात एक फोटो पत्र्यावर उमटवलेला होता. आठ खेळाडू, मधे एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर टोपी.

"हा नका नेऊ," बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा गडी कमी पडला की बघ्यांतून उचलायचे म्हणे. ओरिन आठाच्या पुढे कधी मोजायचाच नाही..."

मला हसू आलं. भिंग लावलं आणि सवयीनं मोठ्यानं मोजू लागलो. संघ म्हणजे नऊ. चाळीस वर्षांची जीभ आठावर थांबते कुठली?

"...आठ," आणि बोट रिकाम्या खुर्चीवरच्या टोपीवर गेलं, "नऊ."

बाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! आता हलत राहा हो... स्वस्थ बसू नका."

तरी फोटो घेतलाच. हाव, दुसरं काय! घरी येऊन पाहतो तर खुर्चीत टोपी घातलेला कुणीतरी बसलेला. चेहरा मात्र फिसकटलेला. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ निश्चल बसावं लागे. हललं की चेहरा असाच व्हायचा. बाईंचं बोलणं तेव्हा उमगलं. मी स्थिर झालो की तो चेहरा माझा होणार होता.

तीन दिवस मी टेकलो नाही. जेवलोसुद्धा येरझाऱ्या घालत.

"अंगात मुंग्या शिरल्यात का रे तुझ्या?" माझी बायको लिओटा चिडवायची. तिला काय सांगणार?

आज सकाळी तिनं कॉफी पुढे केली. "रात्री झोपलास बाबा एकदाचा! खुर्चीतच. ओंडक्यासारखा... जरासुद्धा हलला नाहीस."

मी धावत जाऊन पत्रा उचलला. चेहरा लख्ख आला होता. लहानपणी चेंडू लागून माझ्या डाव्या भुवईवर पडलेला व्रण त्याच्या उजव्या भुवईवर होता; पत्र्यावर डावं-उजवं उलटंच उमटतं. डोळे मात्र मिटलेले.

चेहरा उमटायचा तो उमटून गेला; झोपायची भीती आता उरली नाही. म्हणून तर हे सांगत तुमच्याजवळ असा स्वस्थ बसलोय. पण दुपारपासून... त्याच्या पापण्या हलताहेत.